विहिरींच्या ६४ रीडिंगवरून गोड-मचूळ-खारे पट्टे कसे आखावेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: वांद्र्यापासून गोराईपर्यंत ६४ ठिकाणी तुम्ही पाण्याचं टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) मोजलंय, त्यात काही उघड्या विहिरी आहेत आणि काही बोअरवेल. आता नकाशावर गोड, मचूळ आणि खारं असे पट्टे पाडायचे आहेत आणि प्रत्येक पट्ट्याला नाव द्यायचं आहे. क्यूजीआयएस या नकाशे करायच्या सॉफ्टवेअरमध्ये पद्धत बदलली की पट्टे जागा बदलतात आणि तुमचे प्रबंधाचे गाइड विचारतात, यातला खरा कुठला? म्हणून तुम्हाला बरोबर पद्धत हवी आहे.

मी बावीस वर्षं मुंबईत आणि आसपास भूजलाचं काम करते आहे. पद्धतींबद्दल पुढे सविस्तर लिहिते, पण तुमची अडचण पद्धतीच्या आधीच सुरू झाली आहे असं मला वाटतं. तुमच्याकडे जमिनीला पडलेली ६४ भोकं आहेत. त्यांच्या मधल्या जमिनीबद्दल तुम्हाला काहीही मोजून कळलेलं नाही. पट्टा म्हणजे त्या मधल्या जागेबद्दल तुम्ही केलेलं विधान. ते कुणासाठी आहे आणि तो माणूस त्यावरून काय करणार आहे, हे ठरल्याशिवाय रेघ कुठे मारायची हे कुठलंच सॉफ्टवेअर सांगू शकत नाही.

तुम्ही ५०० आणि २००० हे आकडे घेतलेत. आयएस १०५०० या भारतीय मानकातले ते पिण्याच्या पाण्याचे आहेत: लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह, आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यायचं. पण मुंबईत सोसायटीच्या विहिरीचं पाणी बहुतेक ठिकाणी फ्लशला, बागेला, गाड्या धुवायला जातं. फ्लशला १८०० टीडीएस चालून जाईल, कुंडीतल्या झाडांना ते सोसेलच असं नाही. वाचणारा सोसायटीचा सेक्रेटरी असेल तर हद्दीचे आकडे वेगळे येतील, आणि खारं पाणी आत कुठवर शिरलंय हे बघणारा अभ्यासक असेल तर आणखी वेगळे. यातलं काय हवंय ते तुम्ही लिहिलेलं नाही. मी अभ्यासक धरून पुढे जाते.

आता तुमचा तक्ता. त्यात खोलीचा रकाना आहे, पण नकाशा करताना तो तुम्ही वापरलेला नाही. इथे मला माझी स्वतःची चूक सांगायची आहे, कारण ती अगदी हीच होती.

सुरुवातीच्या वर्षांत मी पश्चिम उपनगरातल्या काही सोसायट्यांसाठी असाच एक नकाशा केला होता. छान रंग भरले होते. निळा भाग गोडा. त्यातल्या एका सोसायटीने नकाशा बघून वर्गणी काढली आणि निळ्या भागात दोनशे फूट बोअर मारली. पंधरा दिवसांनी मला बोलावलं. सेक्रेटरी काकांनी काही न बोलता स्टीलच्या पेल्यातून पाणी पुढे केलं. मी घोट घेतला आणि गिळता आला नाही. माझी त्या भागातली सगळी रीडिंग्ज पंचवीस-तीस फुटी उघड्या विहिरींची होती. वरचं पाणी पावसाचं, मुरलेलं, हलकं. बोअर त्याच्या खूप खाली गेली होती. माझा नकाशा पंचवीस फुटांपर्यंत खरा होता, पण तसं मी त्यावर कुठेही लिहिलेलं नव्हतं.

किनाऱ्यालगत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगतं. एकसारख्या वाळूच्या जमिनीत हिशोब असा बसतो की समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक फूट असेल तर खाली साधारण चाळीस फूट गोडं पाणी मिळतं. समुद्राचं पाणी जेमतेम अडीच टक्के जड असतं, त्यातून हे गणित येतं. आपल्याकडे वाळू नाही, काळा कातळ आहे. पाणी भेगांतून फिरतं, त्यामुळे चाळीसचा हिशोब इथे जसाच्या तसा लागू होत नाही. पण वर हलकं आणि खाली जड हे खरंच. एकाच विहिरीत वरून बादली सोडली तर एक आकडा आणि तळाशी बाटली उघडली तर त्याच्या तिप्पट, असं मी दादर-माहीमच्या जुन्या वाड्यांत मोजलेलं आहे. तेव्हा विहिरी आणि बोअर एका नकाशावर मिसळू नका. दोन थर करा, दोन नकाशे करा. ६४ चे ४१ आणि २३ होतील, नकाशे विरळ दिसतील, हे मला कळतं. तरी तेच करा.

तारखांचंही तसंच आहे. तुमची काही रीडिंग्ज ऑक्टोबरातली आहेत आणि काही मे महिन्यातली. पावसाळा संपल्या संपल्या विहीर तुडुंब आणि गोडी असते, तीच मे महिन्यात मचूळ होते. तुमच्या नकाशावर मालाडच्या पश्चिमेला एक हद्द दिसते ना, तिच्या एका बाजूचे बहुतेक ठिपके ऑक्टोबरचे आणि दुसऱ्या बाजूचे मेचे आहेत. ती हद्द जमिनीतली नसून तुमच्या वेळापत्रकातली असण्याची शक्यता मोठी आहे. खाडीलगतच्या विहिरींत भरती-ओहोटीनेही आकडा हलतो, म्हणून अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात मोजलेलं असेल तर तशी नोंद हवी.

मीटरचंही बघा. खिशातलं टीडीएस मीटर क्षार मोजत नाही. ते पाण्याची विद्युतवाहकता मोजतं आणि तिला एका ठरावीक आकड्याने गुणून टीडीएस दाखवतं. तो आकडा कुठल्या मीटरमध्ये ०.५ असतो, कुठल्यात ०.७. वाहकता १००० असलेलं एकच पाणी एका मीटरवर ५०० दिसेल, दुसऱ्यावर ७००, म्हणजे नेमकं तुमच्या हद्दीच्या अलीकडे-पलीकडे. तुमच्या दोन टीममध्ये दोन मीटर होते. दोन्ही एकाच बादलीत बुडवून बघा आणि शक्य असेल तर टीडीएस सोडून सरळ वाहकतेवर काम करा.

हे झालं की पद्धती.

सगळ्यात सोपी थीसेनची: प्रत्येक ठिपक्याला त्याच्या जवळची सगळी जमीन वाटून द्यायची. थीसेन यांनी १९११ साली ती पावसाच्या सरासरीसाठी मांडली. ती किती फसवू शकते ते बघायला मुंबईकराला लांब जायला नको. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि कुलाब्यात ७३. फक्त ही दोन केंद्रं घेऊन थीसेनची रेघ मारा. ती दोघांच्या बरोबर मधून, परळ-दादरच्या आसपासून जाईल. नकाशा म्हणेल, रेघेच्या या बाजूच्या चाळीवर ९४४ आणि पलीकडच्या चाळीवर ७३. कुणीही म्हणेल हे शक्य नाही. पण तुमच्या ६४ ठिपक्यांवर थीसेन चालवलंत तर प्रत्येक हद्द अशीच दोन विहिरींच्या मधोमध पडेल, फक्त आकड्यांत इतकी मोठी तफावत नसल्यामुळे ती खटकणार नाही. या पद्धतीत हद्द तुम्ही कुठे मोजलं त्यावर ठरते. कच्च्या पाहणीसाठी ती चांगली, पण तिच्या रेघांना नैसर्गिक हद्द म्हणू नका.

दुसरी, तुम्ही बहुतेक वापरलेली, आयडीडब्ल्यू: जवळच्या ठिपक्यांना जास्त वजन, लांबच्यांना कमी. नकाशा गुळगुळीत येतो म्हणून ती आवडते. तिच्यात दोन गोष्टी होतात. एखादी बोअर ९००० आणि भोवतीच्या ६००-७०० असतील तर तिच्याभोवती कुंकवाच्या टिकलीसारखा गोल उमटतो. जमिनीत असे गोल नसतात, ती गणिताची खूण आहे. टीडीएसचे आकडे असे एका बाजूला ताणलेले असतात, म्हणून आधी त्यांचा लॉग (लॉगॅरिदम) घ्या. मोठे आकडे मग बाकीच्यांना गिळत नाहीत.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. तुमच्या नकाशात वेसाव्याची विहीर ७०० ची आहे आणि समोर मढची ९००. मधे खाडी. नकाशात खाडीच्या मध्यावर क्लिक करून बघा, ८०० च्या आसपास आकडा येईल. तिथे प्रत्यक्षात समुद्राचं पाणी आहे, लिटरला सुमारे ३५,००० मिलिग्रॅमचं. वेसावे ते मढ तरीतून पाच मिनिटांत होतं आणि रस्त्याने जायचं तर मालाडला वळसा घालावा लागतो. खडकातल्या पाण्यालाही ती खाडी तशीच आडवी आहे. सॉफ्टवेअरला फक्त सरळ रेषेतलं अंतर दिसतं. तिथे जाऊन आलेल्या माणसाला खाडी दिसते, आणि ती तुम्हीच नकाशात घालायची आहे.

तिसरी क्रिगिंग. दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणीत काम करणारे अभियंते डॅनी क्रिग यांच्या नावावरून हे नाव पडलं, आणि फ्रान्सच्या माथेराँ यांनी १९६० च्या दशकात त्याचं गणित पक्कं केलं. कल्पना अशी की आधी ठिपक्यांच्या जोड्या लावून बघायच्या: अंतर वाढतं तसा आकड्यांतला फरक किती वाढतो? ६४ ठिपक्यांच्या २०१६ जोड्या होतात, तेवढ्यात आलेख बरा निघतो. २३ बोअरच्या फक्त २५३ होतात, तिथे मी फार विश्वास ठेवणार नाही. या आलेखात एक गोष्ट जरूर बघा: अगदी जवळच्या, शे-दोनशे फुटांवरच्या जोड्यांमध्येच फरक मोठा असेल तर तुमच्या जमिनीत भेगांचं राज्य आहे. एकाच सोसायटीत एका बोअरला गोडं आणि दुसऱ्या कोपऱ्यातल्या बोअरला खारं पाणी लागतं, हे मुंबईत बोअर मारणारा कुणीही सांगेल. तसं असेल तर बोअरच्या पाण्याचे पट्टे पाडूच नयेत. ठिपकेच रंगवून दाखवा. पट्टे पडत नाहीत, हाही तुमचा निष्कर्षच आहे, आणि गाइडना तो असाच सांगायला कचरू नका.

म्हणजे इथवर: तक्ता खोली आणि ऋतूप्रमाणे वेगळा करायचा, मीटर जुळवायचे, आकड्यांचा लॉग घ्यायचा, आणि जवळच्या जोड्या आपसात जुळतात का ते बघायचं. ते जुळत असतील तरच पुढचं.

पुढचं म्हणजे मी प्रत्यक्षात काय करते. मी आकड्यांपासून सुरुवात करत नाही. रिकाम्या नकाशावर आधी जमिनीतल्या तोडणाऱ्या रेषा काढते. तुमच्या भागात त्या सरळ दिसतात. दक्षिणेला मिठी नदी आणि माहीमची खाडी. पश्चिमेला मालाडची खाडी, वर मनोरीची खाडी. पूर्वेला राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, जिथून पाणी उतारावर येतं. पाली हिल, अंधेरीचा गिल्बर्ट हिल असे मधले उंचवटे. आणि सगळ्यात महत्त्वाची, आज डोळ्यांना न दिसणारी रेषा: जुना किनारा. लोखंडवाला बघा. आज तिथे सगळे टॉवर आहेत, पण ती जमीन दलदलीवर भराव घालून झालेली आहे. भरावाखाली जुन्या खाजणाची, म्हणजे भरतीचं पाणी शिरणाऱ्या दलदलीची, खारी माती आहे. त्यामुळे आजच्या समुद्रापासूनचं अंतर मोजून उपयोग नाही, जुन्या पाणथळीपासूनचं मोजायला हवं. सर्व्हे ऑफ इंडियाचं जुनं टोपोशीट (भूरचनेचा तपशीलवार नकाशा) मिळवा, आजच्या नकाशाखाली ठेवा आणि खाजणाची हद्द हाताने गिरवा. दोन दिवस जातील. माझ्या अनुभवात या एका रेषेने जेवढं उलगडतं तेवढं कुठल्याही सूत्राने उलगडत नाही.

या रेषांनी नकाशाचे सात-आठ तुकडे पडतील. आता ठिपके टाका. प्रत्येक तुकड्यातली रीडिंग्ज चढत्या क्रमाने मांडून मधलं मूल्य बघा, आणि पसरही. शेजारचे दोन तुकडे सारखे दिसले तर जोडून टाका. एकाच तुकड्यात आकड्यांचे दोन गट पडत असतील तर तो का फुटतोय ते शोधा: उंची, भराव, की कुठली फुटकी पाइपलाइन. शेवटचं थट्टेवारी नेऊ नका. आपल्या नळाला धरणांतलं कमी क्षाराचं पाणी येतं, आणि जमिनीखालची लाइन गळत असेल तर शेजारची विहीर नकाशावर फसवी गोडी दिसते. शंका असेल तिथे विहिरीच्या पाण्यात क्लोरीन तपासा. क्रिगिंग किंवा आयडीडब्ल्यू करायचंच असेल तर ते अशा एका तुकड्याच्या आत करा, खाडीपलीकडचा ठिपका हिशोबात न घेता. तुकड्यात आठ-दहापेक्षा कमी ठिपके असतील तर मी तेही करत नाही, पूर्ण तुकड्याला एकच वर्णन देते. आणि अंतरं मोजण्याआधी नकाशा यूटीएम ४३ उत्तर झोनमध्ये, म्हणजे अंशांऐवजी मीटरमध्ये अंतर देणाऱ्या प्रक्षेपणात, आणा. अंशांत मोजलंत तर आपल्या अक्षांशावर पूर्व-पश्चिम अंतर सुमारे पाच टक्क्यांनी चुकतं.

तुम्ही तीन ठिपके ‘चुकीचे’ म्हणून काढून टाकलेत, कारण किनाऱ्याजवळ असून त्यांचं टीडीएस कमी आलं. कृपा करून ते परत घाला. चर्चगेटजवळची भिखा बेहराम विहीर १७२५ मधली आहे, समुद्र जवळ असून तिचं पाणी गोडं म्हणून ती ओळखली जाते. वाळकेश्वरचा बाणगंगा तलाव तर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, तरी गोड्या झऱ्याचा. ‘समुद्राजवळ म्हणजे खारं’ हे आपण आधीच ठरवून बसतो आणि मग न पटणारे ठिपके खोडतो. ते तीन पुन्हा मोजा. पुन्हा तसेच आले तर तुमच्या प्रबंधातलं सगळ्यात मोलाचं पान तेच असेल.

इथे आणखी एक गोष्ट मनात ठेवा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मलेरियाच्या भीतीने मुंबईतल्या कितीतरी विहिरी बुजवल्या गेल्या, नंतर इमारतींखाली आणखी गेल्या. ज्या उरल्या त्यातल्या बऱ्याच श्रद्धेमुळे किंवा पाणी चांगलं म्हणून उरल्या. तुम्ही मोजता त्या विहिरी म्हणजे सगळ्या जमिनीचा नमुना नव्हे, टिकून राहिलेल्यांचा आहे. त्यामुळे नकाशा खऱ्यापेक्षा थोडा गोड येणार, आणि तसं लिहायला हवं.

हद्द पक्की की कच्ची हे तपासायला मी एक साधं काम करते. एक ठिपका झाकायचा, बाकीच्यांवरून त्याचा आकडा ओळखायचा, उघडून बघायचा. असं सगळ्यांचं. मग दहा ठिपके चिठ्ठ्या टाकून काढायचे आणि हद्दी पुन्हा आखायच्या, पंधरा-वीस वेळा. जी रेघ दर वेळी जवळपास तिथेच राहते ती ठळक काढा. जी अर्धा-पाऊण किलोमीटर सरकते ती तुटक काढा. आणि जिथे जवळपास ठिपकाच नाही, उदाहरणार्थ तुमच्या नकाशात गोरेगावच्या पूर्वेचा पट्टा, तिथे रंग भरू नका. पांढरं सोडा आणि ‘मोजलेलं नाही’ असं लिहा. रंगवलेल्या जागेवर लोक विश्वास ठेवतात, हे त्या पेल्याने मला शिकवलं.

आता नावं. ‘गोडं पाणी’ हे लेबल नकाशावर लिहू नका. वाचणारा त्याचा अर्थ ‘पिता येईल’ असा घेतो, आणि टीडीएस ३०० असलेल्या विहिरीत गटाराचं पाणी झिरपत असू शकतं, ते हे मीटर दाखवत नाही. ‘कमी क्षार’, ‘मध्यम क्षार’, ‘जास्त क्षार’ लिहा. मजकुरात मचूळ, खारं हे शब्द जरूर येऊ द्या, ते आपले नेमके शब्द आहेत. पण नकाशावर तुम्ही मोजलं तेवढंच यायला हवं.

पट्ट्यांना वॉर्डची नावं देण्याचा मोह होतो, कारण सगळी कामं वॉर्डप्रमाणे चालतात. पण के-पश्चिम घ्या: त्यात वेसाव्याचा किनाराही येतो आणि गिल्बर्ट हिलचा पायथाही. दोघांची सरासरी काढली तर जो आकडा येईल तो कुठल्याच विहिरीत नसेल. नाव जागेचं आणि गुणाचं मिळून द्या, ‘वेसावे-यारी रोड किनारपट्टी, जास्त क्षार’ असं. त्याखाली बारीक अक्षरात महिना, खोली आणि ठिपक्यांची संख्या: ‘मे, उघड्या विहिरी, ३० फुटांपर्यंत, ९ रीडिंग्ज’. वॉर्डची ओळ हवी असेल तर वेगळ्या तक्त्यात, कुठल्या वॉर्डात कुठले पट्टे येतात ते. लेबल ठेवताना मध्यबिंदू वापरू नका. खाडीला वळसा घालणाऱ्या चंद्रकोरीसारख्या पट्ट्याचा मध्यबिंदू पाण्यात पडतो आणि नाव समुद्रावर उमटतं. क्यूजीआयएसमध्ये ‘पॉइंट ऑन सरफेस’ घ्या, तो पट्ट्याच्या आतच राहतो.

पावसाळ्याला अजून वेळ आहे. मी तुमच्या जागी असते तर नवीन ठिपके शोधत बसले नसते. मालाड पश्चिमेच्या ज्या नऊ विहिरी तुम्ही ऑक्टोबरात मोजल्यात त्या आता मे महिन्यात, एकाच मीटरने, ओहोटीच्या वेळी, वरून आणि तळातून अशा दोनदा मोजल्या असत्या. ती हद्द टिकते की जाते ते तेवढ्याने कळेल. वेसाव्याच्या त्या विहिरीत क्लोरीनही बघा. आकडे आले की इथेच टाका, मी बघते.